बरणीतली काकडी, खाणीतला भुंगा

"मामा, दार लावा," औटी सर म्हणाले, तेव्हा नवनाथमामांना आधी ते खरंच वाटलं नाही.

औटी सर म्हणजे शाळेचे मुख्याध्यापक. त्यांना कुणावर चिडायचं असलं की ते दार सताड उघडं ठेवतात, म्हणजे एकाला बोललेलं अख्ख्या शाळेला पुरतं. दार लावून बोलणारे औटी सर मामांनी इतक्या वर्षांत पाहिले नव्हते.

"लावलं?"

"लावलं, सर."

"खिडकी?"

मामांनी खिडकीही लावली. सरांनी मोबाइल टेबलावरून पुढं सरकवला. "हे काय आहे? मामा, काय आहे हे? मी सांगू काय आहे?" प्रश्न तीनदा विचारायचा आणि उत्तर आपणच द्यायचं, ही सरांची सवय. "ही आपली बरणी आहे."

बरणीच होती. एका पोस्टरचा फोटो होता तो. डावीकडं काळा चकचकीत पाण्यातला भुंगा, उजवीकडं शाळेच्या प्रयोगशाळेतली काचेची बरणी, आणि बरणीत ती, काळपट, सुरकुतलेली, वितीएवढी समुद्रकाकडी. वर मोठ्या अक्षरांत 'धोक्यातले दोन जीव : एक तुलना'. खाली नाव, अमृता नवनाथ रोकडे. आणि बरणीच्या फोटोखाली बारीक अक्षरांत, मोठ्या अभिमानानं, शाळेचं नाव.

मामांची पोरगी. मंचरला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकते. फोटो तिनंच काढला होता, मामांनीच कपाट उघडून दिलं होतं.

"चांगलं झालंय की, सर," मामा म्हणाले.

"चांगलं?" सरांनी बोटानं स्क्रीन खाली ओढली. पोस्टरच्या पाठोपाठ कुणीतरी एक मजकूर चिकटवून पाठवला होता, आणि तो सरांनी लाल दिव्यांच्या चित्रांसकट वाचून दाखवला. "सावधान! समुद्रकाकडी बाळगणे म्हणजे वाघ बाळगणे! एकाच कायद्यात, एकाच यादीत! सात वर्षे कैद! जास्तीत जास्त ग्रुपवर पाठवा! बघा. कुणीतरी पाठवलंच ना जास्तीत जास्त ग्रुपवर?"

मामांनी मोबाइल हळूच सरांकडं परत सरकवला.

"उद्या शाळेत कोण येणार आहे? वनखातं येणार आहे. कशाला? बिबट्याच्या कार्यक्रमाला. पडदा कुठं लावलाय? लॅबमध्ये. साहेब कुठं उभे राहणार? लॅबमध्ये. आणि साहेबांच्या डोक्यामागं काय असणार, मामा?"

"कपाट."

"उद्या ती बरणी मला दिसता कामा नये. लॅब कुणाच्या ताब्यात? तुमच्या. चावी कुणाकडं? तुमच्याकडं. मग उद्या विचारणार कुणाला?" सरांनी आवाज एकदम खाली आणला. "मी काही सांगितलं नाही. तुम्ही काही ऐकलं नाही. काय?"

"पण टाकू कुठं, सर?"

"ते मला सांगूच नका!" सर दोन्ही हात कानांवर ठेवून म्हणाले.

नवनाथ रोकडे राहायला निरगुडसरला, आंबेगाव तालुक्यात. शाळा खोडदच्या बाजूच्या एका गावात, म्हणजे तालुका जुन्नर. रोज स्प्लेंडरवर रांजणीवरून जायचं आणि तसंच माघारी यायचं. शाळेत ते प्रयोगशाळा परिचर, पण पोरांच्या तोंडी मामा. नवीन नवीन लागले तेव्हा त्यांना त्या कपाटाची फार भीती वाटायची. सापाची बरणी, बेडकाची बरणी, पोटातल्या जंताची बरणी. काकडीची तेवढी वाटत नव्हती, कारण ती त्यांना भाजीच वाटली. समुद्रात पिकत असंल एखादी, आपल्याला काय माहीत. पहिली काही वर्षं ते नव्या पोरांना कपाट दाखवताना "आन् ही भाजी" असंच म्हणायचे, आणि एकाही पोरानं कधी हरकत घेतली नव्हती. हरकत घेतली अमृतानं, आठवीत असताना एकदा मामांबरोबर शाळेत आली तेव्हा. "पप्पा, तो प्राणी आहे हो!" मामांनी त्या दिवशी बरणी उजेडात धरून बराच वेळ पाहिली. तोंड कुठलं, शेपूट कुठलं, काही कळेना. तेव्हापासून मात्र परीक्षेच्या आधी बरण्यांत औषध भरताना काकडीला ते जरा जपूनच हाताळायचे. इतकी वर्षं हिला भाजी म्हणालो, असं काहीतरी वाटायचं.

औषध म्हणजे फॉर्मॅलिन. नाकाला ओला पंचा बांधला तरी डोळ्यांतून धारा लागतात.

आणि मागच्या आठवड्यात अमृतानं तिचं भाषण घरात म्हणून दाखवलं होतं, जेवायला बसल्यावर, एक हात वरणात आणि दुसरा हवेत. "आदरणीय गुरुजनवर्ग आणि मित्रमैत्रिणींनो! समुद्रकाकडी खाऱ्या पाण्यातली, पाणभुंगा गोड्या पाण्यातला. काकडी तळाची वाळू गिळून साफ करते, भुंगा डासांच्या अळ्या खातो. काकडीला सुकवून परदेशी विकतात म्हणून ती धोक्यात. भुंग्याला कुणी विकत नाही, पण त्याची डबकी बुजतात, शेतातली औषधं वाहून पाण्यात येतात, म्हणून तो धोक्यात. साम्य एकच! दोघंही श्वास मागच्या बाजूनं घेतात."

"मागच्या म्हंजी?" मामांनी विचारलं.

"म्हणजे ढुंगणानं, पप्पा."

"जेवताना नको गं बाई!" अमृताची आई ओरडली होती, आणि तिघंही ठसका लागेस्तोवर हसले होते.

आता हसू कुठलं. मामांनी कपाट उघडलं, बरणी पंच्यात गुंडाळली, रेक्झिनच्या पिशवीत उभी केली. पिशवी गाडीच्या टाकीवर ठेवून दोन्ही मांड्यांत घट्ट धरली. शाळा सुटायच्या आत ते रस्त्याला लागले होते. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या पांढऱ्या तबकड्या आभाळाकडं तोंड करून उभ्या होत्या. रोज तशाच असतात, पण आज मामांना वाटलं, सगळ्या आपल्याकडंच वळल्यात.

जागा त्यांनी मनाशी ठरवली होती. निरगुडसरच्या माळावर दगडाची जुनी खाण आहे. खडी काढायचं कधीच थांबलं, खड्ड्यात पाणी साठलं ते साठलंच. तिकडं भुंगे शोधणारी अमृता सोडून कुणी फिरकत नाही, आणि अमृता आज कॉलेजला. बरणी पाण्यात रिकामी करायची, काच दगडावर फोडायची, घरी जायचं. एवढंच काम.

रांजणीच्या अलीकडं रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात पसरून गेणभाऊ उभा होता.

गेणभाऊ मामांच्याच गावचा, आळीतला. त्याला चुकवून पुढं गेलं तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या आळीला विचारत फिरेल, नवनाथ का थांबला नाही. मामा थांबले.

"जय भीम, नवनाथभाऊ! देवासारखा आलास बघ. येष्टीची वाट बघून बघून पाय पार दगड झालं." बोलता बोलता तो मागं बसलासुद्धा. "मांडीत काय धरलंय एवढं? तान्हं बाळ असल्यागत?"

"ऑइल हाय. मोटरचं."

"ऑइल? मंग आडवं टाक की. उभं कशापायी?"

"गळतंय."

हे खोटं सांगितलं आणि तेवढ्यातच ते खरं झालं. खड्ड्यात गाडी आपटली, बरणीच्या झाकणाचं मेण कुठंतरी तडकलं. मामांच्या नाकात ओळखीची तिडीक गेली. त्यांनी श्वास रोखला आणि गाडी जोरात पळवली, वारं लागलं म्हणजे वास मागं जाईल म्हणून. वास मागं गेला. मागं गेणभाऊ होता.

"आयला नवनाथ," तो नाक ओढत म्हणाला, "कांदा चिरतंय का रं कुणी? डोळ्याला पाणीच आलं राव."

"धूळ हाय."

"धूळ न्हाई ही. धूळ खाऊन म्हातारा झालो मी. लई जालीम हाय हे. दाखव तरी पिशवी."

"भाऊ, गाडी चालवतोय मी! हालू नको!"

मामांचा आवाज इतका चढला की गेणभाऊ एकदम गप्प बसला. तो गप्प बसला की जास्त भीती वाटते, कारण तो आतल्या आत जुळवाजुळव करत असतो.

वळण घेतलं आणि मामांच्या हाताखालचा ब्रेक आपोआप दाबला गेला. पुढं रस्ताभर माणसं. बांधावर माणसं, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत माणसं, एक जण विजेच्या खांबाला लटकलेला. मधोमध वनखात्याची गाडी, तिच्यावर लोखंडी पिंजरा.

"बिबट्या!" गेणभाऊच्या तोंडाला पाणी सुटल्यासारखं झालं. "उसात बसला वाटतं!"

माघारी वळावं म्हटलं तर मागं दोन दुधाच्या गाड्या येऊन थांबल्या होत्या. पुढं खाकी कपड्यातला एक तरुण पोरगा काठी आडवी धरून लोकांना मागं रेटत होता. वनरक्षक आदेश. याच भागात नेमणूक, त्यामुळं मामांची तोंडओळख होती. ओरडून ओरडून त्याचा आवाज पार बसला होता, पण थांबत नव्हता.

"को-ऑपरेट करा, भाऊ! प्लीज को-ऑपरेट! ए रील, मोबाइल खाली घे! तो तुला लाइक द्यायला न्हाई आला बाहेर! ताई, पोराला आत घ्या! ओ स्प्लेंडर! थांबा तिथंच!"

स्प्लेंडर थांबलीच होती.

आदेश जवळ आला. "कुठं निघाला, मामा? रस्ता बंद हाय. पिशवीत काय? मटण-चिकन न्हाई ना? वासावर येतं ते जनावर."

"न्हाई, न्हाई."

"मटण न्हाई," गेणभाऊ मागून म्हणाला, "पन काय हाय ते मला बी सांगंना. मघापास्नं डोळं चुरचुरत्यात माझं. ऑइल म्हनतोय. असलं ऑइल मी तरी बघितलं न्हाई. तुमी इचारा सायेब, तुमाला सांगंल."

मामांच्या मांड्या पिशवीवर इतक्या आवळल्या गेल्या की काच तडकते की काय असं वाटलं. आदेश खाली वाकला. त्यानं नाकानं एक लांब श्वास घेतला. त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"मामा," तो हळू म्हणाला. आता त्याच्या बोलण्यात को-ऑपरेट नव्हतं. "गाडीवरून उतरा जरा."

मामांनी स्टँड लावायला पाय खाली टाकला. सात वर्षे कैद. लाल दिवे. जास्तीत जास्त ग्रुपवर पाठवा.

उसात काहीतरी खसखसलं.

"आला! आला रं आला!" खांबावरचा ओरडला आणि अख्खी गर्दी एका अंगाला कलंडली. ट्रॉलीतली माणसं खाली, खालची माणसं ट्रॉलीत. आदेश काठी घेऊन पळाला. गेणभाऊनं गाडीवरून उडी मारली, ती बिबट्यापासून लांब जायला नव्हे, बिबट्याच्या दिशेनं. रस्त्यात गाडीपुरती फट पडली. मामांनी किक मारली आणि त्या फटीतून, खाली मान घालून, निघून गेले.

खाणीपाशी पोचले तेव्हा त्यांच्या सदऱ्याची पाठ ओली झाली होती. चारी बाजूंनी कापलेला काळा दगड, मधे हिरवट पाणी, काठाला लव्हाळं. चिटपाखरू नव्हतं. मामा खालच्या दगडावर उकिडवे बसले. पंचा सोडला, झाकण फिरवलं. वास भपकन आला. त्यांनी तोंड एका अंगाला केलं आणि बरणी पाण्यावर तिरकी धरली.

"पप्पा! थांबा! काय ओतताय?"

पलीकडच्या काठावर लव्हाळ्यातून अमृता उभी राहिली. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात जाळी, पायाशी पांढरा ट्रे. दगडादगडांवरून उड्या मारत ती आली.

"तू कॉलेजला गेली न्हाईस?"

"परवा सेमिनार आहे. जिवंत भुंगा दाखवायचाय, म्हणून..." तिला बरणी दिसली. "ती आपली काकडी आहे?"

"आपली म्हनू नको. कुनाम्होरं आपली म्हनू नको!"

"पण ओतताय का? पप्पा, फॉर्मॅलिन आहे ते. एवढ्याशा पाण्यात ओतलंत तर भुंगे, बेडूक, अळ्या, काही राहणार नाही. सगळ्या माळावर भुंगे एवढ्यातच उरलेत. आणखी कुठंच सापडले नाहीत मला."

"किडंच हायेत ना गं!" मामा ओरडले. खाणीतून आवाज दुप्पट होऊन माघारी आला. "किडं मेल्यावर कुनी आत टाकत न्हाई! ही मेलेली हाय, कवाची मेलेली, आन् हिच्यापायी मला आत टाकत्यात!"

अमृताचं तोंड उघडं राहिलं. हा तर तिच्या भाषणातला शेवटचा मुद्दा होता. काकडीला वाघाइतका कायदा आहे, आणि आपल्याकडचा भुंगा मात्र अजून कुणी नीट मोजलेलाही नाही. टाळ्यांसाठी राखून ठेवलेलं वाक्य. आरशासमोर तिनं ते बोट वर करून म्हटलं होतं. आता तेच बापाच्या तोंडून आलं, आणि बापाच्या हातात तिरकी बरणी होती.

मग मामांनी सगळं सांगितलं. पोस्टर, लाल दिवे, लावलेलं दार, उद्याचे साहेब. सांगताना ते पोरीकडं बघत नव्हते.

"म्हणजे माझ्या फोटोमुळं," ती म्हणाली.

"तुझ्या फोटोपायीच. मंग काय माझ्या?" बोलून गेले आणि जीभ चावली. पण शब्द बाहेर पडला होता. अमृता खालच्या दगडावर बसली.

पाण्यात एक भुंगा वर आला. डोकं खाली, ढुंगण वर. शेपटाकडचं टोक तेवढं पाण्याबाहेर काढून क्षणभर तसाच लोंबकळला, पंखांखाली हवा भरून घेतली, आणि चांदीच्या मण्यासारखा बुडबुडा मागं लावून सरळ तळाला गेला. त्याच्यामागून दुसरा आला. वर कोण बसलंय, बरणीत काय आहे, दोघांनाही पत्ता नव्हता.

मामांनी बरणी सरळ केली. "बरं, इथं नको. मंग कुठं? वड्यात?"

"ओढा घोड नदीला जातो."

"मंग मातीत पुरतो."

"खाली रामनाथकाकांची विहीर आहे. पाझर तिकडंच आहे."

"जाळू?"

"पप्पा, जाळायचं नाव काढू नका. तो धूरसुद्धा वाईट."

मामा बरणीकडं बघत राहिले. काकडी आत संथ हलत होती, काही झालंच नाही अशी. तिला ठेवायला जागा नव्हती आणि टाकायलाही जागा नव्हती.

"मी सांगते कॉलेजात," अमृता म्हणाली. "फोटो मी काढला. बरणी मीच मागून घेतली. तुम्हाला काही माहीत नव्हतं."

"तू कुनाला काय सांगायचं न्हाई. तुला नोकरी लागायचीय अजून." मामांनी झाकण घट्ट फिरवलं, फटीत पंच्याचं टोक कोंबलं आणि उठले. "चल. बस गाडीवर."

"कुठं?"

"त्यो खाकीवाला पोरगा हुभा हाय उसापाशी. देऊन टाकतो त्याला."

"त्यांनी तुम्हाला धरलं तर?"

"धरलं तर तू गाडी घिऊन घरी जा. दुसरा गिअर अडकतो, क्लच पुरा दाब."

दोघं रांजणीच्या रस्त्याला लागले. पिशवी आता अमृताच्या मांडीवर होती आणि तिचे डोळे गळत होते. वासानं गळत होते की आणखी कशानं, ते मामांनी आरशात पाहिलं आणि विचारलं नाही.

बिबट्या अजून उसातच होता. गर्दी दमली होती, एक जण शेंगा विकत फिरत होता. आदेश गाडीच्या बोनेटला टेकून बाटलीनं पाणी पीत होता. मामांना बघून त्यानं बाटली खाली घेतली. "पळून गेला व्हता ना मघाशी? आन् परत आला?"

मामांनी पिशवी बोनेटवर ठेवली आणि पंचा बाजूला केला.

आदेशनं आधी बरणीकडं पाहिलं, मग मामांकडं, मग परत बरणीकडं. "हे काय? कारलं?"

"समुद्रकाकडी. वाघाच्या यादीतली. शाळेची हाय. फेकून दे म्हनले व्हते. फेकली न्हाई."

"कोण म्हनलं?"

मामांनी पंचा परत बरणीवर ओढला. "उद्या सायेब येनार हायेत ना. त्यांच्याम्होरं सांगतो."

आदेश हसायला लागला होता, पण ते हसू अर्ध्यातच विरलं. त्यानं फोन काढला आणि उसाकडं पाठ केली. "हॅलो, साहेब... न्हाई साहेब, आतच हाय अजून... साहेब, दुसरी एक वस्तू आलीय. काकडी... न्हाई साहेब, खायची न्हाई, समुद्राची... न्हाई न्हाई, पिंजऱ्यात न्हाई, बरणीत... मेलेली, साहेब, लई जुनी वाटतीय... हो साहेब. हो. हो साहेब." फोन ठेवून तो मामांकडं वळला. "बरणी आमच्या गाडीत राहील. तुमी घरी जा. उद्या शाळेत बोलू. आन् मामा, गाव सोडून कुठं जायचं न्हाई."

"कुठं जानार," मामा म्हणाले.

तिथंच, रस्त्याच्या कडेला, त्यांनी औटी सरांना फोन लावला. अमृतानं नका म्हटलं तरी लावला.

"झालं काम?" सर कुजबुजले. "नको, नको, कुठं टाकली ते सांगू नका."

"वनखात्याच्या गाडीत, सर."

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग आलं, "मामा. तुम्ही काय केलंत? काय केलंत तुम्ही? मी सांगू तुम्ही काय केलंत?" आणि सर थांबले. या एकाच प्रश्नाचं उत्तर त्यांना देता आलं नाही. फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी कार्यक्रम झाला. बिबट्या दिसला तर पळू नका, वाकू नका, पोरांना एकटं सोडू नका, हे सगळं साहेबांनी पडद्यावर दाखवलं. पोरं "ओऽऽ" करत राहिली. मामा भिंतीशी उभे होते. त्यांना पडद्यावरचं काही दिसलं नाही. कार्यक्रम संपल्यावर पोरं वर्गात गेली आणि लॅबमध्ये राहिले साहेब, आदेश, औटी सर, जीवशास्त्राच्या हर्षाली मॅडम आणि मामा.

साहेब शांत माणूस. "बरणी जुनी आहे," ते म्हणाले. "कायद्यात काकडी यायच्याही आधीची दिसते. त्याचं काय करायचं ते मला वर विचारावं लागेल. तोपर्यंत ती आमच्याकडं राहील. आज मी कुणाला काही करायला आलेलो नाही." औटी सरांनी सोडलेला श्वास लॅबभर ऐकू आला. "फक्त एक विचारायचं आहे. लपवायचा किंवा टाकून द्यायचा प्रयत्न झाला होता का? तसं असेल तर ते मला वर सांगावं लागेल."

"छे छे!" औटी सर म्हणाले. "शाळेतून असं कोण सांगेल? कोणीही सांगणार नाही. काय मामा?"

आदेश मामांकडं बघत होता. हर्षाली मॅडम टेबलाकडं बघत होत्या. सरांचे डोळे मामांवर रोखलेले होते, आणि त्या डोळ्यांत चावी होती, नोकरी होती, पुढची सगळी वर्षं होती. मामांना वाटलं, हो म्हणावं. एक शब्द तर आहे. साहेब निघून जातील, संपलं.

"सरांनी सांगितलं व्हतं," मामा म्हणाले. "दिसता कामा नये म्हनले. मी फेकाया गेलो व्हतो. खाणीवर झाकण उघडलं व्हतं मी. ते बी लिहा, सायेब. माझं बी लिहा."

साहेबांनी मान हलवली. मग खिशातली वही काढून दोन्ही लिहून घेतलं.

अमृताचा सेमिनार झाला. ढुंगणाच्या मुद्द्याला वर्ग हसला. कायद्याचं वाक्य तिनं बोट वर न करता, खाली बघत म्हटलं. त्याला टाळ्या पडल्या नाहीत, पण मागच्या बाकावरच्या एकानं विचारलं, ती खाण कुठंशी आहे. पोस्टरवरचं शाळेचं नाव तिनं खोडलं नाही. मामांनीच खोडू दिलं नाही.

वनखात्याकडून औटी सरांना खुलासा मागितला गेला. त्यांनी तो दिला म्हणतात. काय दिला ते शाळेत कुणाला ठाऊक नाही. मामांना कुणी धरलं नाही, काढलं नाही, बदलीही झाली नाही. कपाटाची चावी अजून त्यांच्याकडंच आहे. फक्त औटी सर मामांशी बोलत नाहीत. बोलायची वेळ आलीच तर मधे कुणीतरी माणूस लागतो.

परवाचीच गोष्ट. मधली सुट्टी संपत आली होती. व्हरांड्यात सर उभे, त्यांच्या डाव्या हाताला मामा, उजव्या हाताला हर्षाली मॅडम.

"मॅडम," सर समोरच्या मैदानाकडं बघत म्हणाले, "मामांना सांगा, घंटा द्या."

मॅडमनी मामांकडं पाहिलं. मामा हलले नाहीत. हात पाठीशी बांधून, सरांचं एक अक्षर कानावर पडलं नसल्यासारखे, मॅडम सांगायची वाट बघत उभे राहिले.

"मामा," मॅडम म्हणाल्या, "घंटा द्या."

"देतो, मॅडम," मामा म्हणाले, आणि घंटा द्यायला गेले.